टाइप-सी, रीड्रायव्हर आणि तीन मीटरची केबल: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

नवीन कॅरिअर बोर्ड (ज्यावर प्रोसेसरचं मॉड्यूल बसतं ते) असेंब्लीहून आले. काम काय आहे ते एकदा इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर जो कोणी ही फाइल उघडेल त्याला मागचं-पुढचं कळेल. चाकणच्या एका ऑटो-पार्टवाल्याच्या लाइनवर कॅमेऱ्याने पार्ट तपासायची पेटी बनवतोय. आत आय.एमएक्स ८एम प्लस प्रोसेसरचं मॉड्यूल, त्याच्याखाली आमचा कॅरिअर, आणि बाहेर एक टाइप-सी पोर्ट ज्याला यूएसबी३ व्हिजनवाला (औद्योगिक कॅमेऱ्यांचं यूएसबी स्टँडर्ड) कॅमेरा लागणार. कॅमेरा २४४८ बाय २०४८, मोनो, ८ बिट, सेकंदाला ७५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण ३७६ मेगाबाइट. ५ गिगाबिटच्या लिंकमधून ८बी/१०बी एन्कोडिंग (८ बिटांसाठी १० बिट पाठवायची पद्धत) वजा केलं की ५०० मेगाबाइट उरतात, त्यात प्रोटोकॉलचा खर्च आहेच, त्यामुळे डेटा बसतो पण ऐसपैस नाही. आणि लिंक गुपचूप यूएसबी २ वर घसरली तर चाळीसेक मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला ८ फ्रेम, म्हणजे लाइन बंद.

आता भानगड अशी की मॉड्यूलवरच्या चिपपासून टाइप-सी कनेक्टरपर्यंत ट्रेस (बोर्डवरची तांब्याची रेघ) बराच लांब आहे, मध्ये मॉड्यूलचा स्वतःचा कनेक्टर आहे, आणि बाहेर ३ मीटरची केबल. शिवाय या प्रोसेसरला सुपरस्पीडची (यूएसबी ३ ची, ५ गिगाबिटवाली) एकच जोडी, प्लग उलटा घातला की सिग्नल दुसऱ्या बाजूच्या पिनांवर येतो आणि ते बदलून द्यायची सोय आत नाही. म्हणून दोन्ही कामं करणारी एकच चिप टाकलीये, टीआयची (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) टीयूएसबी १०४६: फ्लिपसाठी स्विच पण तीच आणि सिग्नल उचलून देणारा रीड्रायव्हर पण तीच. डिस्प्लेपोर्टच्या लेन पुढच्या आवृत्तीसाठी ठेवल्यात, आत्ता नुसतं यूएसबी.

रीटायमर का नाही हा प्रश्न मीटिंगमध्ये आलाच. रीटायमर सिग्नलमधून क्लॉक काढतो, बिट नव्याने तयार करून पुढे पाठवतो, लिंक ट्रेनिंगमध्ये स्वतः भाग घेतो, त्यामुळे साठलेला जिटर (बिटांच्या वेळेतला डगमगाट) तिथे संपतो. महाग, गरम आणि त्याचं स्वतःचं फर्मवेअर. लिनिअर रीड्रायव्हर यातलं काहीच करत नाही, ट्रेसमध्ये जी वरची फ्रिक्वेन्सी खाल्ली गेली ती तेवढी उचलून देतो, नॉइजसकट. ५ गिगाबिटला तेवढं पुरतं असं माझं मत. १० गिगाबिट असतं तर एवढ्या छातीठोकपणे बोललो नसतो, तिथे ५ गिगाहर्ट्झला अख्ख्या चॅनलमध्ये सिग्नल घटायचं बजेट २३ डीबी, त्यातले ८.५ होस्टला, ६ केबलला, ८.५ डिव्हाइसला. साध्या एफआर४ वर (नेहमीचं बोर्डचं मटेरियल) त्या फ्रिक्वेन्सीला इंचाला डीबीच्या आसपास जातो, आमचा ट्रेसच अर्ध्याहून जास्त खाऊन बसला असता.

सॉफ्टवेअरच्या बाजूने काम छोटं दिसतंय. मुख्य रजिस्टर (चिपमधली सेटिंगची जागा) एकच, हेक्स ०ए. त्यात खालचे दोन बिट मोड (० बंद, १ फक्त यूएसबी, २ चार लेन डिस्प्लेपोर्ट, ३ अर्धं-अर्धं), बिट २ फ्लिप. टाइप-सी कंट्रोलर (प्लग कुठल्या बाजूने आला ते ओळखणारी चिप) म्हणून एफयूएसबी ३०२ आहे, त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कधीचाच आहे.

५ ऑगस्ट

आयटूसी (चिपांशी बोलायची दोन तारांची बस) स्कॅन मारला. हेक्स २२ ला एफयूएसबी दिसतोय, ४८ ला टेम्परेचर सेन्सर दिसतोय, ४४ ला जिथे रीड्रायव्हर असायला पाहिजे तिथे शुकशुकाट.

गंमत म्हणजे पेनड्राइव्ह लावला तर सुपरस्पीडला येतोय! पण एकाच बाजूने. प्लग फिरवून घातला की हाय-स्पीड, म्हणजे यूएसबी २ चे ४८० मेगाबिट. ज्या चिपशी अजून एक शब्द बोललो नाही ती अर्धं काम करून देतेय. हार्डवेअरवाला म्हणतो चिप मेली असेल, मेलेली चिप ५ गिगाबिट पास करत नाही रे बाबा.

अजून एक विचित्र गोष्ट. कॅमेरा चालत्या बाजूने लावून ठेवला आणि चहाला गेलो, परत आलो तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) डिस्कनेक्ट-कनेक्ट, डिस्कनेक्ट-कनेक्ट, बरोब्बर दर मिनिटाला एक. केबल बदलली, कॅमेरा बदलला, तरी तेच.

७ ऑगस्ट

सापडलं, आणि सापडल्यावर बराच वेळ हसत होतो.

दर मिनिटाला काय होतं तर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) टेम्परेचर सेन्सर वाचला जातो. तो सेन्सर त्याच आयटूसी बसवर. क्रॉन बंद केला, डिस्कनेक्ट बंद. हाताने स्कॅन मारला, लगेच कॅमेरा गेला. म्हणजे बसवर कोणाशीही बोललं की यूएसबीची लिंक तुटते.

मग डेटाशीटमधली पिनांची यादी नीट वाचली. या चिपला दोन प्रकारे चालवता येतं, आयटूसीने किंवा नुसत्या पिनांनी. आणि पिना त्याच आहेत! जी एससीएल (आयटूसीचा क्लॉक) ती पिन-मोडमध्ये फ्लिप, जी एसडीए (आयटूसीचा डेटा) ती कंट्रोल-०. कुठला मोड ते आयटूसी-एनेबल नावाची पिन ठरवते, ती चार पातळ्यांची: १ किलोओहमने ग्राउंडला म्हणजे पिन-मोड, २० किलोओहमने ग्राउंडला म्हणजे टीआयचा टेस्ट मोड, मोकळी सोडली तर १.८ व्होल्टचा आयटूसी, १ किलोओहमने ३.३ ला म्हणजे ३.३ व्होल्टचा आयटूसी. आमची बस ३.३ ची. सर्किटमध्ये वर-खाली दोन्ही रेझिस्टरच्या जागा ठेवल्यात, वरचा भरायचा आणि खालचा रिकामा. बोर्डवर खालचा भरून आलाय.

म्हणजे चिप पिन-मोडमध्ये. आयटूसी बस शांत असते तेव्हा पुलअपमुळे (लाइन वर ओढून ठेवणारे रेझिस्टर) दोन्ही लाइन हाय, त्याचा अर्थ कंट्रोल-० हाय, फ्लिप हाय, म्हणजे "यूएसबी फक्त, उलटा प्लग". म्हणून एका बाजूने चालत होतं. आणि बसवर कोणी बोललं की फ्लिपच्या पिनवर १०० किलोहर्ट्झचा क्लॉक. लिंक कशी टिकणार.

लेआउटवाल्या ताईंनी सोल्डरिंग स्टेशनवर पाच मिनिटांत रेझिस्टर वर सरकवून दिला. ४४ ला चिप आली. बाकीच्या बोर्डांचं रीवर्क असेंब्लीवाला करून देतोय. कोणाला एखादी टाइप-सी चिप आयटूसीवर दिसत नसेल आणि एकाच बाजूने चालत असेल तर पहिल्यांदा स्ट्रॅप (मोड ठरवणारे रेझिस्टर) बघा, बाकी सगळं नंतर.

११ ऑगस्ट

ड्रायव्हर. व्हेंडरचं कर्नल ६.६ वर आहे, टीयूएसबी १०४६ चा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये (मूळ लिनक्समध्ये) त्यानंतर आला, तो मागे आणला. छोटासा आहे, टाइप-सी फ्रेमवर्ककडे दोन गोष्टी नोंदवतो, एक ओरिएंटेशन स्विच आणि एक मोड मक्स (सिग्नल कुठे वळवायचे ते ठरवणारा), आणि दोघांच्या कॉलबॅकमध्ये (फ्रेमवर्क बोलावतं त्या फंक्शनमध्ये) तेच ०ए रजिस्टर. लावायला अर्धा दिवसही लागला नाही, उरलेला दीड दिवस गेला तो कॉलबॅक कोणी बोलवतच नाही म्हणून.

ड्रायव्हर लोड होतो, प्रोब (चिप सापडून ड्रायव्हर सुरू होणं) यशस्वी, एफयूएसबी प्लगची दिशा बरोबर ओळखतो, सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींसारखी दाखवतं तिथे) नॉर्मल-रिव्हर्स नीट बदलतं. पण रजिस्टर हलत नाही. एकही एरर नाही कुठे. कारण डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) आहे: टाइप-सीचा कोड कनेक्टरच्या नोडपासून ग्राफ धरून पलीकडच्या नोडपर्यंत जातो आणि तिथे ओरिएंटेशन-स्विच, मोड-स्विच अशा नावाची बुलियन प्रॉपर्टी आहे का बघतो. नसेल तर "या पोर्टला स्विच नाही" असं समजून शांतपणे पुढे. ते एरर धरत नाही कारण खरंच कित्येक बोर्डांना स्विच नसतो. उलट प्रॉपर्टी आहे पण ड्रायव्हर अजून आला नाही तर मात्र प्रोब पुढे ढकलतो, ते बरोबर आहे.

आमच्याकडे ग्राफच्या एंडपॉइंटची जोडी पोर्ट ० ला होती. टाइप-सी कनेक्टरच्या नोडमध्ये पोर्ट ० म्हणजे हाय-स्पीडची डी-प्लस डी-मायनस, पोर्ट १ सुपरस्पीड, पोर्ट २ एसबीयू (जादाच्या सिग्नलच्या पिना). व्हेंडरच्या नमुन्यात एकच पोर्ट होता म्हणून तसंच राहिलेलं. पोर्ट १ ला जोडलं, दोन्ही प्रॉपर्ट्या टाकल्या, चाललं. आता प्लग कसाही घाला, सुपरस्पीड.

१२ ऑगस्ट

टेस्ट स्क्रिप्टमध्ये बदल. आधी आमची तपासणी "पेनड्राइव्ह माउंट झाला का" एवढीच होती. हे अगदीच कुचकामी आहे, कारण यूएसबी २ ची जोडी रीड्रायव्हरमधून जातच नाही, ती सरळ कनेक्टरला. सुपरस्पीडचा पूर्ण सत्यानाश झालेला असला तरी पेनड्राइव्ह ४८० ला आनंदाने माउंट होतो. आता सिसएफएसमधला स्पीड वाचतो, ५००० नसेल तर नापास. दोन्ही दिशांनी.

१४ ऑगस्ट

बूट झाल्यावर अर्ध्या मिनिटाने कॅमेरा जातो आणि परत येतो तो ४८० ला. प्रत्येक बूटला.

हे मात्र पटकन लागलं कारण डीमेसेजमध्ये डिस्कनेक्टच्या आधीच्या ओळीत रीड्रायव्हरच्या ३.३ व्होल्ट रेल्वेचं, सॉरी, रेलचं (वीजपुरवठ्याच्या लाइनचं) नाव आणि पुढे "डिसेबलिंग". लिनक्सचं रेग्युलेटर फ्रेमवर्क बूटनंतर ३० सेकंद थांबतं आणि ज्या रेग्युलेटरवर कोणीही हक्क सांगितला नाही तो बंद करून टाकतं. आमच्या झाडातल्या ड्रायव्हरने रेग्युलेटर मागितलेलाच नव्हता, यू-बूटने (कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर) चालू ठेवलेल्या रेलवर चिप चालत होती. ड्रायव्हरमध्ये सप्लाय घेऊन एनेबल करणारी एक ओळ, डिव्हाइस ट्रीमध्ये एक ओळ.

लोक अशा वेळी डिव्हाइस ट्रीत "ऑलवेज-ऑन" लिहून मोकळे होतात. चालतं, पण मग चिपची वीज कोणाची हे कुठेच लिहिलेलं राहत नाही आणि पुढे सस्पेंडला बोंब होते.

१९ ऑगस्ट

आता खरं काम, इक्वलायझर, म्हणजे खाल्ली गेलेली वरची फ्रिक्वेन्सी किती उचलायची ते. आतापर्यंत टेबलावर अर्ध्या मीटरची केबल होती. आज ३ मीटरची लावली आणि कॅमेरा सुपरस्पीडला येतो पण फ्रेम गळतात, दर काही सेकंदांनी एखादी.

या चिपमध्ये तीन ठिकाणी इक्वलायझर सेट करता येतो. कनेक्टरकडून येणाऱ्या दोन जोड्या, आरएक्स१ आणि आरएक्स२, यांचे कोड रजिस्टर हेक्स २० मध्ये, खालचे चार बिट एकाला, वरचे चार दुसऱ्याला. आणि प्रोसेसरकडून येणाऱ्या जोडीचा कोड २१ मध्ये. प्रत्येकी ० ते १५. पण नुसतं लिहून काही होत नाही, ०ए मधला बिट ४, ईक्यू-ओव्हरराइड, १ केल्याशिवाय चिप बूटच्या वेळी पिनांवर जे वाचलं तेच धरून बसते. आणि त्यातली एक पिन आयटूसीच्या पत्त्याचीही आहे! म्हणजे पत्ता ४४ पाहिजे म्हणून तुम्ही पिन ग्राउंडला बांधली की त्याच फटक्यात इक्वलायझरचा अर्धा कोडही ठरवलात. ओव्हरराइड न वापरता आयटूसी मोड वापरणं म्हणजे पत्त्याच्या सोयीने सिग्नल इंटेग्रिटी ठरवणं. मागे आणलेला ड्रायव्हर हा बिट शिवत नाही, तो फक्त मोड आणि फ्लिप सांभाळतो.

मोजायचं कसं? आमचा स्कोप १ गिगाहर्ट्झचा, त्यावर ५ गिगाबिटचा आय (सिग्नल किती स्वच्छ आहे ते दाखवणारं चित्र) बघणं म्हणजे नुसती करमणूक. भाड्याने मोठा स्कोप आणता येईल पण आधी फुकटचं वापरू. एक्सएचसीआयमध्ये (यूएसबी होस्ट कंट्रोलरचं स्टँडर्ड) प्रत्येक यूएसबी ३ पोर्टला पोर्ट-लिंक-इन्फो नावाचं रजिस्टर असतं, त्याच्या खालच्या १६ बिटांत लिंक एरर काउंट. ऑपरेशनल बेसपासून ४०० हेक्सवर पोर्टांची रजिस्टरं सुरू होतात, प्रत्येक पोर्टला १० हेक्स जागा, त्यात ८ वर हे. डेव्हमेमने (मेमरीचा पत्ता थेट वाचायचं टूल) वाचता येतं.

पेनड्राइव्हवर डीडी (कॉपीची कमांड) मारून "डेटा बरोबर आला, लिंक चांगली" असं ठरवणारे बरेच बघितलेत. यूएसबी ३ मध्ये पॅकेटचं हेडर बिघडलं तर लिंक लेव्हलला परत पाठवलं जातं, डेटाला सीआरसी-३२ (चूक पकडणारा चेकसम) आहे, बल्क ट्रान्सफर रीट्राय होतो. सडकी लिंकसुद्धा डेटा बरोबरच देते, फक्त हळू. कॅमेरा मात्र थांबू शकत नाही, त्याचा बफर भरला की फ्रेम गेली.

२२ ऑगस्ट

स्वीपची स्क्रिप्ट रात्रभर चालवली. प्रत्येक कोडला: कोड लिहायचा, होस्ट कंट्रोलर अनबाइंड-बाइंड (ड्रायव्हर सोडवून परत जोडणं) करून काउंटर शून्यावर आणायचा, मोड ० करून परत १ (हात न लावता प्लग काढून घातल्यासारखं, कारण लिंकने नव्याने ट्रेन झालं पाहिजे, चालू लिंकमध्ये कोड बदलून मिळालेले आकडे होस्टच्या जुन्या ट्रेनिंगवरचे असतात), मग दहा मिनिटं कॅमेरा पूर्ण वेगाने. कॅमेऱ्यासाठी अराविस (औद्योगिक कॅमेऱ्यांची लायब्ररी), ते किती बफर पूर्ण झाले किती फसले ते सांगतं.

आरएक्स१ बाजूला खालच्या कोडांना एरर धो धो, ४ पासून कमी होत जातात, ५ ते ८ मध्ये शून्य, त्याच्या वर परत सुरू. वरचे कोड वाईट का तर जास्त उचललं की नॉइज आणि क्रॉसटॉकही उचलला जातो, आणि सिग्नल गरजेपेक्षा जास्त धारदार झाला की तोही इंटर-सिम्बॉल गोंधळच. "जास्तीत जास्त ठेवून द्या" म्हणणाऱ्यांना हा तक्ता दाखवणार आहे.

आरएक्स२ बाजूला शून्याची खिडकी ७ ते ९. अरुंद आणि सरकलेली. ताईंना दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, ती जोडी कनेक्टरच्या मागून वळसा घालून येते आणि लेयर बदलते, बरोबरच आहे. म्हणजे दोन्ही दिशांना एकच आकडा टाकून चालणार नाही, आणि एकाच दिशेने प्लग लावून टेस्ट करणाऱ्याला हे कधी दिसणारही नाही. आरएक्स१ ला ६ आणि आरएक्स२ ला ८ घेतलं, खिडकीच्या मध्यावर, कडेवर नाही.

प्रोसेसरकडून जाणाऱ्या दिशेचं जास्त अवघड. होस्टचा काउंटर होस्टला काय ऐकू आलं तेवढंच मोजतो. कॅमेऱ्याला काय ऐकू येतं ते कॅमेऱ्यालाच माहीत. कॅमेऱ्याकडे जाणारा डेटा तसा नगण्य आहे, कमांड आणि ॲक, पण ॲक हरवले की येणाराही डेटा अडतो. तिथे फसलेल्या बफरांवरूनच अंदाज घेतला, ४ ठेवला. या आकड्यावर माझा बाकीच्या दोन आकड्यांएवढा विश्वास नाही, मोठा स्कोप आला की पहिलं हेच बघायचं.

२५ ऑगस्ट

आज कोडपेक्षा वाद जास्त. प्रश्न: ६, ८ आणि ४ हे आकडे ठेवायचे कुठे.

एकाचं म्हणणं, ड्रायव्हरमध्ये डिफाइन करून टाका, एक चिप एक बोर्ड, कशाला पसारा. दुसऱ्याचं, यूजरस्पेसमधून स्टार्टअप स्क्रिप्टने आयटूसीवर लिहा. दुसरं तर नकोच, ड्रायव्हर त्याच रजिस्टरमध्ये रीड-मॉडिफाय-राइट करतोय आणि मागून स्क्रिप्ट घुसणार, शिवाय कॅमेरा स्क्रिप्टच्या आधी जोडलेला असेल तर पहिलं ट्रेनिंग चुकीच्या कोडवर.

पहिलं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण ६ हा आकडा चिपचा नाहीच मुळी. तो आमच्या ट्रेसच्या लांबीचा, त्या वळशाचा, या कॉपरचा आकडा आहे. उद्या ताईंनी कनेक्टर एक सेंटिमीटर सरकवला की तो बदलेल आणि चिप तीच राहील. बोर्डची माहिती बोर्डच्या फाइलमध्ये, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये. या प्रोसेसरच्या यूएसबी फायला (पीएचवाय, प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारा भाग) डी-एम्फसिस वगैरेच्या प्रॉपर्ट्या डिव्हाइस ट्रीत आधीपासूनच याच कारणाने आहेत. क्रोमबुकच्या ईसी (एम्बेडेड कंट्रोलर) फर्मवेअरमध्ये पण हीच वाटणी दिसते, चिपचा ड्रायव्हर मोड आणि फ्लिप सांभाळतो आणि इक्वलायझर बोर्डच्या कॉलबॅकमध्ये लिहितात.

तीन प्रॉपर्ट्या केल्या. प्रॉपर्टी नसेल तर ओव्हरराइड बिट शिवायचा नाही, पिनांवर जे असेल ते. आणि लिहिण्याचा क्रम: आधी २० आणि २१, मग ०ए मध्ये ओव्हरराइड, आणि मोड शेवटी फ्रेमवर्कने सांगितल्यावर.

परवा गणपती. पुढची नोंद सुट्टीनंतर.

४ सप्टेंबर

यू-बूट. फॅक्टरीत पेनड्राइव्हवरून इमेज टाकायची असते. व्हेंडरच्या यू-बूटमध्ये टाइप-सीचं काहीच नाही, म्हणून सुरुवातीला बोर्डच्या फाइलमध्ये लिहायला घेतलं: एफयूएसबीचं टॉगल चालू करायचं, स्टेटस-१ए (हेक्स ३डी) मधल्या बिट ५ ते ३ वरून प्लग सीसी१ ला आहे की सीसी२ ला (प्लगची दिशा ओळखायच्या दोन पिना) ते काढायचं, त्याप्रमाणे फ्लिप. लिहून झालं, चाललं पण.

आणि मग काढून टाकलं. फॅक्टरीत पेनड्राइव्ह ४८० ला वाचला तर इमेज टाकायला थोडा जास्त वेळ लागतो, बस. त्या बदल्यात यू-बूटमध्ये टाइप-सीचं अर्धवट राज्य उभं करून ते कर्नलच्या हातात नीट सोपवायची डोकेदुखी. आता यू-बूट फक्त एकच गोष्ट करतं, ०ए मध्ये मोड ० लिहितं. सुपरस्पीडच्या पिना बंद, पेनड्राइव्ह यूएसबी २ ला येतो, दोन्ही दिशांनी, नेहमी. कंटाळवाणं आहे आणि मला तेच पाहिजे.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट: रेस्क्यू पेनड्राइव्हवर रूट फाइलसिस्टिम ठेवायची कल्पना रद्द. कर्नलमध्ये एफयूएसबी प्रोब झाला की टीसीपीएम (कर्नलमधला टाइप-सी पोर्ट मॅनेजर) पोर्ट पहिल्यापासून सुरू करतो, म्हणजे व्हीबस (पोर्टमधून डिव्हाइसला मिळणारी वीज) एकदा बंद होतो, म्हणजे ज्या पेनड्राइव्हवर आपण बसलोय त्याचीच वीज जाते. रेस्क्यू इमेज पूर्ण इनिटरॅमएफएसमध्ये, रॅममधून चालेल.

८ सप्टेंबर

सस्पेंड. चाकणच्या लाइनवर पेटी कोण झोपवणार आहे, पण हाच बोर्ड दुसऱ्या हँडहेल्ड यंत्रात जाणार म्हणून. सस्पेंडमध्ये मॉड्यूल कॅरिअरची ३.३ रेल कापतं, उठल्यावर रीड्रायव्हर कोरा, फ्लिप ०, ओव्हरराइड ०. उलटा लावलेला कॅमेरा उठल्यावर ४८० ला. रेगमॅपची (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) कॅश चालू केली, झोपताना कॅश डर्टी मार्क, उठताना सिंक. पण होस्ट कंट्रोलर रीड्रायव्हरच्या आधी उठला तर व्हायचं ते होऊनच जातं, त्यामुळे दोघांत डिव्हाइस लिंक टाकली, रीड्रायव्हर सप्लायर, कंट्रोलर कन्झ्युमर. आता क्रम बरोबर.

११ सप्टेंबर

स्वीप परत चालवताना पोर्ट मेला. काढा-घाला, काही नाही, कर्नलला काही कळत पण नाही. पोर्टचं स्टेटस रजिस्टर वाचलं, बिट ८ ते ५ मधली लिंक स्टेट १०. कम्प्लायन्स मोड.

ही लॅबमध्ये आय मोजताना मुद्दाम वापरायची अवस्था. स्पेकनुसार पॉवर-ऑननंतर लिंक एकदाही जमलेली नसेल आणि पोलिंगच्या एलएफपीएस टप्प्यात (कमी फ्रिक्वेन्सीने एकमेकांना हाक मारायचा टप्पा) ३६० मिलिसेकंद समोरून उत्तर आलं नाही, तर पोर्टला वाटतं समोर टेस्ट उपकरण आहे, आणि तो टेस्ट पॅटर्न ओरडत बसतो. आमची स्क्रिप्ट कंट्रोलर बाइंड करून, म्हणजे त्याच्या दृष्टीने नवा जन्म देऊन, मोड बंद-चालू करत होती, कधीकधी बरोब्बर मधल्या क्षणी.

हे नवीन नाहीच. लिनक्सच्या एक्सएचसीआय ड्रायव्हरमध्ये २०१२ पासून एक क्वर्क (ठरावीक हार्डवेअरच्या दोषासाठी घातलेला अपवाद) आहे, टीआयच्याच एसएन६५एलव्हीपीई५०२सीपी या जुन्या रीड्रायव्हरसाठी, ज्याच्यामागचे पोर्ट कधीकधी कम्प्लायन्समध्ये जायचे. कम्प्लायन्समध्ये गेल्यावर एक्सएचसीआय कुठलीच इव्हेंट देत नाही, त्यामुळे तो कोड दर २ सेकंदांनी टायमरने पोर्ट तपासतो आणि सापडला तर वॉर्म रीसेट मारतो. एचपीच्या झेड४२०, झेड६२०, झेड८२० आणि झेड१ वर्कस्टेशनची नावं डीएमआयवरून (बायोसमधली मशीनची ओळख) ओळखून लावलेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जुगाड वाटला होता, आता तसं म्हणवत नाही.

आमच्याकडे तो क्वर्क लावायची गरज नाही, स्क्रिप्टमध्ये मक्स आधी आणि कंट्रोलर नंतर केलं की झालं, आणि प्रॉडक्टमध्ये क्रम तसाच आहे. पण हेल्थ-चेकमध्ये लिंक स्टेट १० दिसली तर लॉग करून वॉर्म रीसेट हे टाकून ठेवलंय. शॉप फ्लोअरवर वेल्डिंगच्या शेजारी केबल लोंबकळणार आहे, तिथे काय होईल सांगता येत नाही.

१६ सप्टेंबर

पेटी चाकणला लाइनवर बसवली, ३ मीटरची केबल ड्रॅग-चेनमधून. दिवसभर पूर्ण वेगाने, फसलेले बफर शून्य, होस्टचा एरर काउंट सरळ प्लगला शून्य आणि उलट्याला दोन-चार. उलट्या बाजूचं दुपारी पत्रा तापल्यावर सुरू झालं, सकाळी नव्हतं, म्हणजे आरएक्स२ ची ती अरुंद खिडकी तापमानाने अजून सरकतेय. पुढच्या आठवड्यात बोर्ड ओव्हनमध्ये घालून त्याच बाजूचा स्वीप परत, ७, ८, ९ तिन्ही. ताई म्हणतायत पुढच्या आवृत्तीत ती जोडी सरळ आणतील आणि स्ट्रॅपचा खालचा रेझिस्टर फूटप्रिंटच काढून टाकतील.

बाकी राहिलेलं: प्रोसेसरकडच्या ४ साठी मोठा स्कोप, रेग्युलेटरचा पॅच मेनलाइनला पाठवायचा (इक्वलायझरच्या प्रॉपर्ट्यांच्या नावावरून तिथे चर्चा होणार, ती वेगळी पाठवतो), आणि डिस्प्लेपोर्टच्या लेन.